माळव्यातील तलाव आणि हिवाळी पक्ष्यांच्या नोंदी



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. सर इतिहास शिकवीत. पक्षिशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. तरीही हिवाळ्यातील रविवारी पहाटे ते आम्हां पाच-सहा मुलांना सायकलींवरून धार रस्त्यावरील सिरपूर तलावावर नेत. दुर्बीण एकच होती आणि ती पाळीपाळीने प्रत्येकाच्या हाती येई; वही मात्र ज्याची त्याने आणलीच पाहिजे, असा दंडक होता. तारीख, वेळ, पक्षी आणि संख्या एवढे तिथल्या तिथे लिहायचे. घरी जाऊन आठवून लिहिलेले त्यांना चालत नसे. वेळच्या वेळी लिहून ठेवणारा कोणी नसेल तर पुढे इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, असे ते सांगत. इतिहासाच्या शिक्षकाने पक्षी मोजायला का न्यावे, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. आजचे व्याख्यान त्या उलगड्याविषयीच आहे.

आरंभी तलावांचा विचार करू. माळव्याच्या काळ्या मातीच्या पठारावर मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. आपण जे तलाव पाहतो ते माणसांनी बांधलेले आहेत. सिरपूरचा तलाव होळकरांच्या राजवटीत झाला. गंभीर नदी अडवून केलेला यशवंत सागर १९३०च्या दशकातला असून त्याला महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांचे नाव आहे. बांधणाऱ्यांपुढे प्रश्न माणसांच्या पाण्याचा होता, पाखरांचा नव्हता. परंतु सिरपूरचे पाणी उथळ आहे. भर पावसाळ्यातही त्याची खोली दोन मीटरच्या आसपास राहते. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आश्रयाने किडे, गोगलगाई आणि मासे वाढतात. पावसाळा सरल्यावर पाणी ओसरू लागते आणि काठाचा चिखल उघडा पडतो. नेमक्या त्याच वेळी मध्य आशिया आणि सायबेरियातील पाणी गोठू लागते व तिकडची बदके, चिखले आणि तुतवार दक्षिणेकडे निघतात. थापट्या आणि चक्रांग उथळ पाण्यात चोचीने अन्न गाळतात, लालसरी बुडी मारून तळाची मुळे खाते, शेकाट्या लांब तांबड्या पायांवर चिखल तुडवीत हिंडतो. एका संस्थानाच्या पाणीपुरवठ्याची सोय अशा रीतीने हजारो मैलांच्या प्रवासातील मुक्कामाचे ठिकाण झाली.

या पाहुण्यांची नोंद पहिल्याने कोणी केली? उत्तर थोडे अडचणीचे आहे. ज्यांच्या हाती बंदूक होती त्यांनी केली. ॲलन ह्यूम यांनी मार्शल यांच्यासह लिहिलेला, १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध झालेला त्रिखंडात्मक ग्रंथ शिकारीच्या पक्ष्यांवरीलच होता. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रारंभीच्या सभासदांतही शिकारी पुष्कळ होते. आपल्या शेजारच्या महू परिसरातील पक्ष्यांवर एफ. एस. ब्रिग्ज यांचे टिपण सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली छापले गेले. शिकारीच्या नोंदींचे टोक पाहायचे असेल तर भरतपूरला जावे. तेथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, आणि तो आकडा दगडावर कोरून ठेवलेला आहे.

हा आकडा वाचून मन विषण्ण होते. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शिकारीच्या नोंदीत मारण्याजोगा पक्षीच येतो. त्या सकाळी काठावर किती बगळे होते, आकाशात किती घारी होत्या, हे त्या दगडावर नाही. लिहिणाऱ्याला जे मोलाचे वाटते तेच कागदावर येते, हा दोष शिकाऱ्यांपुरता मर्यादित नाही.

बंदुकीकडून वहीकडे जाण्याच्या वाटेवर आपल्या माळव्याचे एक मानाचे ठिकाण आहे. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात, पवारांच्या धार संस्थानात, महाराजांच्या सहकार्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने बदकांच्या पायांत कडी अडकविण्याचा उपक्रम केला. भारतातील या पद्धतीच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक होय. पक्षी पकडायचा, पायात क्रमांकाचे हलके कडे घालायचे, नोंदवहीत तारीख व ठिकाण लिहायचे आणि त्याला सोडून द्यायचे. पुढे तो कोठे सापडलाच, तर कड्यावरील मजकुरावरून सोसायटीला कळवायचे. पक्ष्याला सोडून देऊनही त्याच्याविषयी ज्ञान मिळविता येते, ही कल्पना इंदूरपासून काही तासांच्या अंतरावर आकार घेत होती.

त्यानंतर डॉ. सालिम अली यांनी या प्रदेशाची पाहणी केली. हैदराबाद संस्थानाची पाहणी त्यांनी १९३१-३२ मध्ये केलेली होती. मध्य भारताच्या पक्ष्यांवरील त्यांचा लेख, ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह, १९३९-४० मध्ये प्रसिद्ध झाला. आज माळव्यात कोणता पक्षी पूर्वी होता आणि कोणता नव्हता असा प्रश्न पडला, तर त्या पानांकडे जावे लागते. परंतु अशा पाहणीला स्वाभाविक मर्यादा असते. अभ्यासक येतो, काही आठवडे राहतो आणि निघून जातो. एकाच तलावावर, एकाच ऋतूत, वर्षामागून वर्षे मोजणे हे काम गावातल्या माणसांनाच करता येते.

ते काम व्यवस्थित रूपात आले १९८७ साली. त्या वर्षी भारतीय उपखंडात आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली. दर जानेवारीत, साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, ठिकठिकाणचे हौशी लोक आपापल्या तलावावरील पक्षी मोजतात. जानेवारी निवडण्याचे कारण असे की, त्या सुमारास पक्षी आपापल्या मुक्कामी स्थिर झालेले असतात आणि तोच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याचा संभव कमी असतो. पद्धत साधी आहे. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहावे. एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. मोठ्या थव्यातील दहा पक्षी नीट मोजून तेवढी जागा डोळ्यांत धरावी आणि तशा किती जागा भरतात ते पाहावे. दर वर्षी तीच जागा, तीच वेळ ठेवावी. पक्षी दिसला नाही तर शून्य लिहावे, रकाना रिकामा सोडू नये. रिकाम्या रकान्यावरून पक्षी नव्हता की पाहणारा नव्हता, हे पुढच्याला कळत नाही.

अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या मोजणीतून काय निष्पन्न होते, त्याचे एक उदाहरण सिरपूरवरच येणाऱ्या छोट्या लालसरीचे आहे. इंग्रजीत तिच्या नावातच ‘कॉमन’ म्हणजे सर्वसामान्य हा शब्द आहे. तरी देशोदेशींच्या हिवाळी गणनांचे आकडे एकत्र पाहिल्यावर तिची संख्या झपाट्याने घटत असल्याचे दिसून आले आणि २०१५ साली तिची गणना जागतिक पातळीवर संकटग्रस्त जातींत झाली.

मध्यंतरी आपल्या शहराने तलावांकडे पाठ फिरविली होती, हेही नमूद केले पाहिजे. १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरात आले आणि जुन्या तलावांची निकड कमी झाली. ज्याची निकड नाही त्याची निगाही राहत नाही. सांडपाणी, जलपर्णी आणि काठावरची अतिक्रमणे यांनी सिरपूर ग्रासला गेला. तो वाचविण्यासाठी चित्रकार व छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे खपून काम केले. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्ही तलावांचा समावेश रामसर यादीत झाला. २०२५च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही, रामसर करारान्वये पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळालेली भारतातील पहिली दोन शहरे ठरली. अशी मान्यता मागताना ‘आमच्याकडे पुष्कळ पक्षी येतात’ एवढे म्हणून भागत नाही. कोणते, किती, केव्हा, हे दाखवावे लागते.

आता मला माझी एक चूक सांगायची आहे.

माझ्या शालेय वयातील पक्ष्यांच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यांत चक्रवाकाच्या जोड्या आहेत, थापट्यांचे थवे आहेत, एके वर्षी आलेल्या पट्टकदंब हंसांची आठ वेळा अधोरेखित केलेली संख्या आहे. तलावापलीकडच्या माळावर मेलेली गुरे टाकीत आणि तेथील झाडांवर गिधाडे बसलेली असत. परतताना सर विचारीत, “अरे, गिधाडं किती लिहिलीस?” मी म्हणे, “सर, ती तर रोजचीच आहेत.” सर म्हणत, “रोजचीच आहेत म्हणून तर लिही.” त्यांचे समाधान व्हावे म्हणून मी लिही. माझ्या वहीत पानापानावर त्या नोंदी आहेत. त्या अशा : ‘गिधाडे, नेहमीप्रमाणे.’

१९९०च्या दशकात गिधाडे नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या १९९२ ते २००७ या काळात घटत घटत हजारात एक इतकी उरली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने, ते मृत गुरांच्या मांसातून पोटात जाऊन, गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर आपल्या देशात बंदी आली. परंतु गिधाडे कमी होत आहेत हे मुळात कळले कसे? भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात, गिधाडे सर्वत्र दिसत असताना, ती मोजून ठेवली होती. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक घट दिसली. १९९९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मग जग जागे झाले. ज्या भूमीवर मारलेल्या पक्ष्यांचा आकडा दगडावर कोरला गेला, त्याच भूमीवर जिवंत पक्ष्यांच्या मोजणीने हे घडविले.

माळव्यातील गिधाडांविषयी कोणी मला विचारले, तर माझ्याजवळ तारखा आहेत, वेळा आहेत, वाऱ्याची दिशासुद्धा आहे, आकडा नाही. सिरपूरच्या माळावर दहा गिधाडे होती की दोनशे, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. ‘नेहमीप्रमाणे’ या शब्दातले ‘नेहमी’ संपले, आणि त्याबरोबर ती नोंदही निरर्थक झाली. दुर्मिळ पक्षी तेवढे टिपून मीही शिकाऱ्यांसारखीच निवड केली होती.

तेव्हा आजच्या विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयात एक जाड बांधणीची नोंदवही ठेवावी. दर जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी पाच-दहा मुलांनी एका शिक्षकाबरोबर सिरपूरला जावे, ठरलेल्या जागी उभे राहावे आणि मोजावे. हंस आले तर आनंदाने लिहावेत. पण कावळे, साळुंक्या, घारी, चिमण्या, वारकरी यांचेही आकडे लिहावेत. चूक झाली तर ती खोडू नये, शेजारी दुरुस्ती लिहून सही करावी. वही घरी नेऊ नये. मोजणारी मुले शाळा सोडून जातील, वही शाळेत राहील. पन्नास वर्षांनी कोणी ती उघडील, तेव्हा आपल्याला आज क्षुल्लक वाटणारी एखादी ओळ त्याच्या कामाची असेल. ती कोणती, हे आज आपल्याला ठरविता येणार नाही. म्हणून सगळ्याच ओळी लिहिल्या पाहिजेत.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मी आयुष्यभर देणे लागतो. ते या शाळेतील मुलांच्या हस्ते फिटावे, अशी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.