एसएसएच टनेलिंग (आवृत्ती नियंत्रण सर्व्हरसाठी)

एसएसएच टनेलिंग ही एका संगणकीय सेवेची वाहतूक एसएसएचच्या कूटबद्ध जोडणीतून नेण्याची पद्धत आहे. फायरवॉलमागे असलेल्या आवृत्ती नियंत्रण सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी तिचा वापर होतो. या पद्धतीला पोर्ट फॉरवर्डिंग असेही म्हणतात.

पार्श्वभूमी

एसएसएच हा प्रोटोकॉल फिनलंडमधील तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केला. विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर त्यांनी हे काम हाती घेतले. ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती १९९९ मध्ये आली. २००६ मध्ये प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीची मानके प्रसिद्ध झाली; पोर्ट फॉरवर्डिंगचे वर्णन त्यांपैकी आरएफसी ४२५४ मध्ये आहे.

आवृत्ती नियंत्रण प्रणालींचे पोर्ट ठरलेले असतात: सीव्हीएसच्या पीसर्व्हरसाठी २४०१, सबव्हर्जनच्या एसव्हीएनसर्व्हसाठी ३६९० आणि गिटच्या मूळ प्रोटोकॉलसाठी ९४१८. अनेक संस्थांच्या फायरवॉल हे पोर्ट बंद ठेवतात. एसएसएचचा पोर्ट २२ मात्र एखाद्या प्रवेशद्वार सर्व्हरपुरता खुला असतो.

कार्यपद्धती

समजा, पंढरपूरमधील एखाद्या महाविद्यालयाचा सबव्हर्जन सर्व्हर केवळ अंतर्गत जाळ्यावर उपलब्ध आहे आणि विद्यार्थ्याला घरून प्रकल्पावर काम करायचे आहे. तो प्रवेशद्वार सर्व्हरशी एसएसएचने जोडला जातो. आज्ञेत 'एल' पर्यायापुढे स्वतःच्या संगणकावरील पोर्ट, सबव्हर्जन सर्व्हरचे नाव आणि त्याचा पोर्ट ही माहिती क्रमाने दिली जाते. सर्व्हरचे नाव प्रवेशद्वार सर्व्हरच्या बाजूने शोधले जात असल्याने अंतर्गत जाळ्यातील नावही चालते. त्यानंतर सबव्हर्जनला सर्व्हरऐवजी 'लोकलहोस्ट' हा पत्ता दिला जातो. आधी उतरवलेल्या प्रतीत जुना पत्ता नोंदलेला असल्यास तो 'रिलोकेट' आज्ञेने बदलावा लागतो.

'आर' पर्यायाने उलट दिशेचा बोगदा तयार होतो, तर 'डी' पर्यायाने सॉक्स प्रॉक्सी मिळते.

पर्याय

गिट आणि सबव्हर्जन थेट एसएसएचवरूनही चालतात. तेव्हा वेगळा बोगदा लागत नाही. मध्ये प्रवेशद्वार सर्व्हर असल्यास ओपनएसएसएच ७.३ (२०१६) पासून उपलब्ध असलेला 'प्रॉक्सीजंप' हा पर्याय सोयीचा ठरतो. पोर्ट २२ बंद असलेल्या ठिकाणांसाठी गिटहब पोर्ट ४४३ वरूनही एसएसएच सेवा देते.

सुरक्षा व मर्यादा

कूटबद्धता वापरकर्त्याचा संगणक आणि प्रवेशद्वार सर्व्हर यांच्यातील टप्प्यापुरतीच असते. तेथून आवृत्ती नियंत्रण सर्व्हरपर्यंतची वाहतूक मूळ स्वरूपातच जाते. पहिल्या जोडणीच्या वेळी यजमान किल्लीची खातरजमा न केल्यास मध्यस्थ हल्ल्याचा धोका राहतो. बोगद्याचे स्थानिक टोक सामान्यतः त्याच संगणकापुरते मर्यादित असते. ते इतरांसाठी खुले केल्यास फायरवॉलमधील संरक्षणाला छिद्र पडते.

फायरवॉलला बोगद्यातील मजकूर दिसत नाही. त्यामुळे जाळ्याच्या प्रशासकाची परवानगी आवश्यक ठरते. प्रशासक सर्व्हरवर 'अलाऊटीसीपीफॉरवर्डिंग' ही मांडणी बंद करून फॉरवर्डिंग नाकारू शकतात. भारतात मालकाच्या परवानगीविना संगणक जाळ्यात प्रवेश करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

हे सुद्धा पहा

* गिट
* सबव्हर्जन
* फायरवॉल
* आभासी खाजगी जाळे