प्लास्टिकच्या कपाला चहाचे डाग? तारेची घासणी लांबच ठेवा

पाहुणे दारात आलेले असतात आणि फडताळातून कप काढावेत तर आतून तपकिरी. कप धुतलेलेच असतात, पण पाहुण्यांना ते कसं सांगणार? मग तारेची घासणी घेऊन ते खसाखसा घासले जातात. त्या दिवशी कप पांढरा दिसतो, पण पुढं त्याच कपावर डाग आधीपेक्षा लवकर चढतो.

चहा-कॉफीत टॅनिन असतं, रंग धरतो तो त्याचाच. प्लास्टिक स्टीलपेक्षा कितीतरी मऊ. तार, राख नाहीतर वाळूने घासलं की त्यावर बारीक चरे पडतात. पुढचा चहा त्या चऱ्यांत मुरतो, साबण तिथं नीट पोचत नाही आणि जंतूंना दडायला जागा होते. लहान मुलांच्या दुधाच्या कपाबाबत तर हे जास्तच जपायला हवं.

डागाला खायचा सोडा पुरतो. दोन चमचे सोड्यात अगदी थोडं पाणी घालून दाटसर लेप करा, डागावर लावा आणि अर्धा तास ठेवा. मग ओल्या सुती फडक्याने हलक्या हाताने पुसा. जुना डाग एका वेळी निघत नाही. जोर लावू नका, लेप पुन्हा लावा. धुण्याचा सोडा मात्र वेगळा, तो घेऊ नका, हाताची आग होते.

गावात बोअरचं जड पाणी असेल तर कपात आधी क्षाराचा पांढरट थर बसतो आणि चहा त्यावर चढतो. हा थर सोड्याने हलत नाही. आधी लिंबाचा रस 15 मिनिटं लावून ठेवा, कप धुवा, मग सोडा. मोबाईलवरच्या व्हिडिओत दोन्ही एकत्र टाकतात. फेस झकास येतो, पण लिंबू आणि सोडा एकमेकांचा जोर मारतात.

चहाची गाळणी कोमट पाण्यात सोडा टाकून रात्रभर भिजवा, सकाळी जुन्या मऊ टूथब्रशने घासा. उकळतं पाणी ओतू नका, पातळ प्लास्टिक वाकडं होतं.

डब्याला हळदीचा डाग असेल तर गोष्ट निराळी. हळदीचा रंग तेलात सुटतो, म्हणून आधी तेलाचं बोट फिरवून पुसा, मग साबणाने धुवा. साबण लागताच डाग लालसर झाला तर घाबरू नका, हळदीचा तो गुणच आहे. नंतर डबा उन्हात ठेवा, एक-दोन दिवसांत रंग उडत जातो.

संडास धुवायचं अ‍ॅसिड कपाला लावू नका. ब्लीचमध्ये तर ते चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

ज्या कपाला आधीच चरे पडलेत, तो चहाला नको. डाळ-तांदूळ मापायला ठेवा.