शेकोटीवरची फळी आणि ऋतूंचा फेरा

वसंतातील या व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की श्रोते बहुधा लढाया, तह आणि राज्यक्रांत्या ऐकण्याच्या तयारीने येतात. आम्ही मात्र आज एका वीतभर रुंदीच्या फळीचा इतिहास सांगणार आहोत. इंग्लंडातील घरात भिंतीतल्या शेकोटीच्या वर ही फळी असते. तिला तेथे मॅन्टलपीस म्हणतात. जेवणाच्या दालनातील साईडबोर्ड ही तिची मोठी बहीण. ऋतू पालटला की या दोन जागांची सजावट पालटावी, असा तेथील गृहिणींचा परिपाठ आहे. विषय किरकोळ वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु याच घरगुती हिरव्या पाल्यापायी एका काळी इंग्लंडात दंगे झाले आहेत, हे सांगितले म्हणजे श्रोते थोडा धीर धरतील.

ऋतू घरात आणून मांडणे ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आत्ता या चैत्र-वैशाखात आपल्या घरोघरी गौर मांडली जाते, तिच्यापुढे आरास होते, कैरीची डाळ आणि पन्हे होते. मात्र आपल्याकडे आरास कोठे करायची हे देव ठरवतो. इंग्लंडात ते अग्नीने ठरवले, आणि तोही अग्नी विझल्यानंतर. हे कसे, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मध्ययुगीन इंग्लंडातील मोठ्या घरात शेकोटी भिंतीत नव्हतीच. ती दालनाच्या मधोमध जमिनीवर पेटे, आणि धूर छपरातल्या झरोक्यांतून वाट काढी. केंट परगण्यातील पेन्सहर्स्ट प्लेस या वाड्यात चौदाव्या शतकातील असे दालन आजही उभे आहे. मधल्या आगीला वरची फळी कोठून असणार? किल्ल्यांतून भिंतीतल्या शेकोट्या त्याआधीपासून होत्या. परंतु साध्या घरांना धुराडी आली ती मुख्यतः सोळाव्या शतकात. विल्यम हॅरिसन नावाच्या धर्मोपदेशकाने 1577 साली इंग्लंडचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात आपल्या गावातील म्हातारी माणसे कोणत्या बदलांचे नवल करतात, हे सांगताना त्याने पहिल्या प्रथम धुराड्यांच्या वाढत्या संख्येचा उल्लेख केला आहे. धुराडे आले, आग भिंतीशी गेली, तिच्या तोंडावर आडवी तुळई आली. आणि त्या तुळईवर हाताशी लागणाऱ्या वस्तू ठेवण्याची सोय झाली. मॅन्टल हा शब्दही पांघरुणाचा, झग्याचा. आगीवर पांघरलेला तो मॅन्टल.

सरकारची नजर अशा गोष्टींवर पडायला वेळ लागत नाही. 1662 साली दुसऱ्या चार्ल्सच्या राजवटीत प्रत्येक शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला. तो दोन हप्त्यांत घेतला जाई, एक वसंतात आणि एक शरदात. कर वसूल करणारा घरात शिरून शेकोट्या मोजणार, हे लोकांना फार झोंबले. 1689 साली नव्या राजाराणीने तो काढून टाकला, तेव्हा कोणाला वाईट वाटल्याचे दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. शेकोटी हिवाळ्यात घराचे काळीज असते. खुर्च्या तिच्याकडे तोंड करून मांडतात, माणसे तिच्याकडे पाहून बोलतात. पण मे महिना आला, आग विझली, की त्याच ठिकाणी काजळीने माखलेले एक काळे भगदाड उरते. खुर्च्यांची तोंडे मात्र अजून तिकडेच! हे उघडे तोंड झाकायचे कशाने? ऋतुमानाप्रमाणे शेकोटी सजवण्याची कला आमच्या मते या अडचणीतून निघाली. हौस मागाहून आली.

सर ह्यू प्लॅट या लेखकाने 1608 साली बागकामावर एक पुस्तक काढले. उन्हाळ्यात विझलेल्या शेकोटीत शेवाळाचा बांध रचावा, त्यात न कोमेजणारी फुले बसवावी, दोन्ही टोकांना फुलांच्या किंवा रोझमेरीच्या कुंड्या ठेवाव्या, अशी सूचना त्याने केली आहे. पुढे यासाठी खास फुलदाण्या निघाल्या; वेजवुडच्या प्रसिद्ध कारखान्यातही डहाळ्या खोचण्याची भांडी तयार होत. शेकोटीच्या तोंडाच्या मापाची लाकडी फळी करून, तिच्यावर फुलांनी भरलेली फुलदाणी रंगवून, ती उन्हाळाभर तोंडाशी लावून ठेवण्याचीही चाल होती. आणि कॅम्पॅन्युला जातीचे एक उंच वाढणारे, घंटेसारख्या निळ्या फुलांचे झाड रिकाम्या शेकोटीत ठेवण्याच्या इतके उपयोगी पडले, की इंग्रजीत त्याचे नावच ‘धुराड्याची घंटाफुले’ असे पडले. सावलीत त्याची फुले पुष्कळ दिवस टिकतात. ज्वाळांच्या जागी ज्वाळांसारखेच उभे वाढणारे झाड शोधणाऱ्या त्या अनाम गृहिणीचे किंवा माळ्याचे आम्हांस कौतुक वाटते.

1730 साली केन्सिंग्टन येथील रॉबर्ट फर्बर या रोपवाटिकेच्या मालकाने बारा महिन्यांच्या फुलांची बारा चित्रे प्रसिद्ध केली. प्रत्येक महिन्याला एक भरगच्च फुलदाणी, प्रत्येक फुलाला क्रमांक आणि खाली नाव. बाराही चित्रे मिळून फुलांचे चारशेंहून अधिक प्रकार. जानेवारीच्या इंग्लंडातही फुलदाणी भरता येते, हे त्याला दाखवायचे होते. हे सारे वस्तुतः रोपे आणि बियाणे विकण्याचे माहितीपत्रक होते! दुकानदार आणि ऋतू यांची ही जोडी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, तिच्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

हिवाळ्याची गोष्ट निराळी. तेव्हा आग पेटलेली असे, पण बाहेर झाडे उघडी पडलेली. म्हणून जे हिरवे राहते तेच घरात आणायचे. नाताळात हॉली, आयव्ही, रोझमेरी, बे. रॉबर्ट हेरिक हा डेव्हन परगण्यातील खेड्यात धर्मोपदेशक होता आणि कवीही होता. 1648 साली निघालेल्या त्याच्या संग्रहात या पाल्याचे सबंध वेळापत्रकच एका कवितेत सापडते. 2 फेब्रुवारीच्या कँडलमसला नाताळचा पाला उतरवून बॉक्स या झुडपाच्या डहाळ्या चढवायच्या. ईस्टरला त्या जाऊन यू वृक्षाच्या यायच्या. पुढे व्हिट्सनच्या सणाला बर्च आणि ताजी फुले. आणि मग उन्हाळ्यात हिरवी लव्हाळी, सुवासिक गवत, ओकच्या थंडगार फांद्या. वर्षभरात घर असे अनेकदा कात टाकी. त्यातील निम्मे टप्पे चर्चच्या पंचांगाचे आहेत आणि निम्मे सरळ रानाचे. दोन्ही पंचांगे त्या घरात भांडण न करता नांदत होती.

भांडण बाहेरून आले. जून 1647 मध्ये पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आणि व्हिट्सन हे सण रद्द केले. प्युरिटन पुढाऱ्यांच्या मते या सणांना धर्मग्रंथात आधार नव्हता. हॉली आणि आयव्ही ही तर मूर्तिपूजकांची घाण. त्याच वर्षी हेरिकलाही राजपक्षाचा म्हणून आपली जागा सोडावी लागली. म्हणजे त्याची ती कविता छापून लोकांच्या हाती आली, तेव्हा तिच्यातील जवळजवळ प्रत्येक सण बेकायदा ठरला होता. लंडनमध्ये त्या डिसेंबरात कॉर्नहिलच्या सार्वजनिक पाणपोईवर कोणी तरी रोझमेरी, हॉली आणि आयव्ही चढवली. ती उतरवण्यासाठी खुद्द लॉर्ड मेयरला जातीने जावे लागले, आणि तेथे जमावाशी गाठ पडली. कँटरबरीत प्रकरण याहून चिघळले. नाताळच्या दिवशी दुकाने उघडी ठेवावी असा नगरपतीचा हुकूम होता. लोकांनी दारोदार हॉलीच्या डहाळ्या लावल्या, उघड्या दुकानांतील माल रस्त्यावर फेकला, नगरपतीलाही मार खावा लागला. पुढे दंगेखोरांवर खटले भरण्याचा प्रयत्न झाला, पण पंचांनी आरोपच मान्य केले नाहीत. त्यातून 1648 च्या मे महिन्यात केंटचा अर्ज निघाला आणि अर्जामागोमाग बंड उठले. दुसऱ्या यादवी युद्धाची एक ठिणगी अशी दारावरच्या हॉलीत सापडते. घर कोणत्या महिन्यात कसे सजवायचे, ही बाब माणसे सरकारला सहजासहजी सोपवीत नाहीत. 1660 मध्ये राजा परत आला आणि त्याच्याबरोबर हॉलीही उघडपणे परत आली.

साईडबोर्डची कुळकथा थोडक्यात सांगून टाकतो. मध्ययुगात श्रीमंताच्या जेवणघरात चांदीसोन्याची भांडी पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर रचून ठेवीत. बर्गंडीच्या दरबारात कोणाच्या मांडणीला किती पायऱ्या असाव्यात, हेही दर्जाप्रमाणे ठरलेले असे. आपल्याकडील फडताळ वस्तू लपवते, ही मांडणी वस्तू दाखवी. सतराव्या शतकात डच जहाजांनी चिनी मातीची भांडी आणली. पाच-पाचांचे जोड कपाटांवर आणि शेकोटीवरच्या फळीवर चढले. हॉलंडहून आलेल्या दुसऱ्या मेरी राणीला याचा भारी नाद. प्रत्येक शेकोटीवर चिनी भांडी रचण्याची टूम तिनेच इंग्लंडात आणली, असे डॅनियल डिफोने लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट अ‍ॅडमने भिंतीशी टेबल आणि त्याच्या दोन बाजूंना कलश धरणारे चौथरे, अशी रचना रूढ केली. पुढे हेपलव्हाइट आणि शेरटन यांच्या नमुन्यांच्या पुस्तकांतून या तिघांचे मिळून खणांचे, कप्प्यांचे एकच फर्निचर झाले. तो आपला साईडबोर्ड. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तर त्याच्या लाकडावरच हरणे, पक्षी, मासे, द्राक्षांचे घोस कोरू लागले. शिकारीचा शरद ऋतू बाराही महिने लाकडात गोठलेला! इतके कोरीव काम झाल्यावर त्यावर ताजी डहाळी ठेवली काय आणि न ठेवली काय. आमच्या मते सजावटीच्या दृष्टीने ही अधोगतीच होती.

येथवर फळीच्या वरचे सांगितले. खालचे आणि आतले सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वसंतात धुराडी साफ करायची, शेगड्या घासायच्या, मगच फुले मांडायची. मिसेस बीटनच्या 1861 सालच्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात वसंतातील सफाईचे बेत दिले आहेत. धुराडे झाडणे, सतरंज्या काढणे, हिवाळ्याचे जड पडदे उतरवून उन्हाळ्याचे पांढरे लावणे, हे सारे त्यात आहे. ते करणारे हात मात्र ग्रंथ वाचणाऱ्या बाईंचे नव्हते. हॅना कलविक नावाच्या मोलकरणीने लिहिलेल्या दैनंदिन्या सुदैवाने जपल्या गेल्या. त्यांत पहाटे उठून चूल पेटवणे, शेकोट्या झाडणे, शेगडीच्या लोखंडाला काळे चोळून चकाकी आणणे, हीच कामे दिवसामागून दिवस येतात.

आणि धुराड्यात चढणारी मुले? अरुंद धुराड्यातून कोपर-गुडघ्यांनी वर सरकत काजळी खरवडणारी, आठ-दहा वर्षांची किंवा त्याहूनही लहान. 1788 साली पहिला कायदा झाला, 1834 आणि 1840 मध्ये आणखी, 1864 मध्ये पुन्हा. सगळे कागदावर राहिले. 1875 च्या फेब्रुवारीत जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा केंब्रिजजवळील एका रुग्णालयाच्या धुराड्यात अडकून मेला, तेव्हा कोठे लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नाने परवान्याचा कडक कायदा झाला आणि ही चाल बंद पडली. या झाडूवाल्यांचा एक सण होता, 1 मे. त्या दिवशी लंडनच्या रस्त्यांत ते पैसे मागत नाचत. त्यांच्यातला एक जण डहाळ्यापानांनी मढवलेल्या उंच सांगाड्यात आत शिरून चाले. त्याला लोक ‘हिरवा जॅक’ म्हणत. मे महिन्यात आगी विझत आणि यांचे काम मंदावे, म्हणून हे पैसे मागणे. ज्या आठवड्यांत थोरांच्या विझल्या शेकोटीत हिरवी डहाळी बसत होती, त्याच आठवड्यांत ती शेकोटी झाडणारा स्वतः डहाळी पांघरून रस्त्यावर हात पसरीत होता. या विषयाच्या इतिहासात आम्हांस सर्वांत विसरू न येणारे चित्र हेच वाटते.

आता दुकानदाराकडे वळतो. 1843 साली हेन्री कोल यांनी नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र काढले. अर्धशतकाच्या आत शेकोटीवरच्या फळीवर हॉलीच्या शेजारी पत्रांची रांग आली. अमेरिकेत डेनिसन नावाच्या कागदाच्या कंपनीने 1909 मध्ये हॅलोविनच्या सजावटीची एक पुस्तिका काढली. कागदी झालर, कागदी मांजर, कागदी भोपळा कोठे कसा लावावा, हे त्यात सांगितलेले. कागद अर्थात कंपनीचाच. यशस्वी झाल्यावर पुढे ती वर्षानुवर्षे निघत राहिली. फर्बरच्या माहितीपत्रकात आणि हिच्यात फरक असा, की फर्बर जे विकत होता ते त्या महिन्यात जमिनीतून उगवत असे. कागदी पानगळीला खऱ्या पानगळीची वाट पाहावी लागत नाही. म्हणून दुकानातला शरद ऋतू रानातल्याच्या आधी येतो आणि हिवाळा त्याच्याही आधी.

दरम्यान अग्नीचेच दिवस भरत आले होते. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुरकट धुके साचले. त्यात चार हजारांवर माणसे दगावल्याचा तेव्हाचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. त्या धुरात घरोघरच्या कोळशाच्या शेकोट्यांचा वाटा मोठा होता. 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, नगरपालिकांना धूरबंदीचे विभाग ठरवता येऊ लागले. मागोमाग वायूच्या व विजेच्या शेगड्या, आणि भिंतीतून फिरणारे गरम पाणी आले. मग हजारो घरांत शेकोटीच्या तोंडावर फळी ठोकून ते कायमचे बंद करण्यात आले. पूर्वी जी फळी मे महिन्यात लावून शरदात काढीत, ती आता बारमाही झाली; फक्त तिच्यावर फुले रंगवण्याचे कोणाच्या मनात आले नाही. वरची वीतभर फळी मात्र बहुतेकांनी राहू दिली, आणि डिसेंबर आला की तिच्यावर हॉली चढते.