सभाधीटपणा

सभाधीटपणा म्हणजे जमलेल्या लोकांसमोर न बिचकता, सुसंगतपणे आणि ऐकणाऱ्यांना समजेल अशा रीतीने आपले म्हणणे मांडण्याची क्षमता होय. तो वक्तृत्वाचा पाया मानला जातो. वक्तृत्व ही कला असून तिच्यात शैली, विनोद, दाखले, पल्लेदार वाक्ये यांना स्थान असते. सभाधीटपणात अपेक्षा मर्यादित आहे: सभेत उभे राहावे आणि मांडायला घेतलेला मुद्दा शेवटपर्यंत न्यावा. प्रस्तुत लेखात या गुणाची जडणघडण मुख्यतः ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांच्या संदर्भात मांडली आहे.

संकल्पना

'धीट' हा शब्द संस्कृत 'धृष्ट' या शब्दापासून आला आहे. मूळ शब्दात उद्धटपणाची छटा होती. मराठी 'धीट' शब्दात ती मावळून निर्भयतेचा अर्थ उरला. सभाधीटपणाच्या उलट अवस्थेला सभाकंप म्हणतात.

दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित प्रसिद्ध आहे. ते असामान्य वक्त्याविषयी खरे असेल. सभाधीटपणा मात्र सरावाने बहुतेकांना साधतो. वक्तृत्व शिकता येते, या विश्वासावर महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून प्रयत्न झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स या मंडळात सभासद आळीपाळीने छोटी भाषणे करतात आणि एकमेकांचे गुणदोष सांगतात. हीच पद्धत पुढे अनेक देशांत रुजली.

सभाकंपाचे स्वरूप

सभेत उभे राहताच छातीत धडधडणे, घशाला कोरड पडणे, हात थरथरणे, पाठ केलेले वाक्य ऐनवेळी न आठवणे ही सभाकंपाची सामान्य लक्षणे आहेत. अनेक नजरा एकाच वेळी आपल्यावर रोखलेल्या पाहून शरीर ते संकट समजते व अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सोडते. ही अवस्था बोलण्याच्या अगदी आधी व पहिल्या काही वाक्यांत सर्वांत तीव्र असते. बोलणे चालू राहिले की ती सहसा ओसरू लागते. बोलण्याचे प्रसंग टाळल्यास मात्र भीती पक्की होते. त्यामुळे लहान गटापासून सुरुवात करून श्रोत्यांची संख्या क्रमाक्रमाने वाढवणे, हा उपाय परिणामकारक ठरतो.

सभाकंपाचे सामाजिक कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. वारली समाजाच्या लग्नात धवलेरी आणि आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण ही स्त्री विधींची गाणी म्हणते. लांबलचक गाणी तिला मुखोद्गत असतात आणि भरल्या मांडवात तिचा आवाज डगमगत नाही. भजनी मंडळात अभंग म्हणणारा शेतकरीही शेकडो लोकांसमोर संकोचत नाही. तरीही हीच माणसे कचेरीत किंवा सरकारी बैठकीत गप्प बसू शकतात. स्मरणशक्ती आणि आवाज दोन्ही त्यांच्यापाशी असतात. परकी असते ती जागा, तिची भाषा आणि समोर खुर्चीवर बसलेल्यांचा अधिकार. यावरून सभाधीटपणा हा केवळ व्यक्तीचा स्वभावगुण नसून त्या सभेत आपले स्थान आहे, या जाणिवेवरही तो अवलंबून असतो, हे दिसते.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील संदर्भ

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्यांत कुणबी, आगरी, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली इत्यादी समाज राहतात. शहापूर तालुका पूर्णपणे, तर मुरबाड तालुक्याचा काही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात येतो. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा (१८९२) व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तरीही याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

अशा ठिकाणी बोलता येणे हा हक्काचा प्रश्न ठरतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपज, पारंपरिक संसाधने, भूसंपादनापूर्वीचा विचारविनिमय यांबाबत विशेष स्थान दिले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार वनजमिनीवरील दाव्यांची प्रक्रियाही ग्रामसभेपासूनच सुरू होते. ग्रामसभेच्या कामकाजाची नोंद इतिवृत्तात होते. जे सभेत बोलले जात नाही, ते इतिवृत्तात येत नाही. आणि जे इतिवृत्तात नाही, त्याचा पुढे पाठपुरावा करणे अवघड जाते.

मुरबाड तालुक्यात काळू नदीवरील नियोजित धरणाला विरोध करताना बाधित गावांनी ग्रामसभेच्या ठरावांचा आधार घेतला. ठराव होण्यासाठी तो कोणीतरी मांडावा लागतो, त्याला अनुमोदन द्यावे लागते आणि शंकांना उत्तर द्यावे लागते. ही तीनही कामे सभाधीटपणाची आहेत.

ऐतिहासिक उदाहरण

या तालुक्यांना लागून असलेल्या कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव भागातून आलेल्या वारली लोकांपैकी माह्या धांगडा यांनी त्या परिषदेत आपल्या लोकांवरील वेठबिगारीची व अत्याचारांची कैफियत मांडली. वक्तृत्वाचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांच्या पाठीशी नव्हते. त्याच वर्षी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरोधी लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात या लढ्याची हकिकत लिहिली असून त्या पुस्तकाला १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अनुभवाने सांगण्याजोगे काही दिले आणि ऐकून घेणारी सभा मिळाली, तर न शिकलेला माणूसही प्रभावीपणे बोलू शकतो, असे हे उदाहरण दाखवते.

शाळेतील पायाभरणी

ग्रामीण भागात सभाधीटपणाचे पहिले व्यासपीठ म्हणजे शाळेतील परिपाठ. सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्नमंजूषा ही कामे विद्यार्थ्यांकडे पाळीपाळीने आली, तर प्रत्येकाला महिन्यातून एक-दोनदा सर्वांसमोर उभे राहावे लागते. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १ ऑगस्टची लोकमान्य टिळक पुण्यतिथी व अण्णा भाऊ साठे जयंती, ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन हे भाषणांचे नेहमीचे प्रसंग आहेत.

या प्रसंगी आढळणारा मुख्य दोष पाठांतराचा होय. मोठ्यांनी लिहून दिलेले भाषण विद्यार्थी घोकतो; एक शब्द अडला की पुढची साखळी तुटते, हशा पिकतो आणि भीती कायमची बसते. दुसरा दोष म्हणजे त्याच त्या तीन-चार धीट मुलांना दरवेळी पुढे करणे. शाळेची शोभा त्यामुळे राहते. परंतु ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज असते, ती मुले मागच्या रांगेतच राहतात.

बोली आणि प्रमाणभाषा

उत्तर कोकणातील काही बोलींत 'ण' चा 'न' व 'ळ' चा 'ल' होतो. 'पाणी' चे 'पानी' व 'डोळा' चे 'डोला' असे उच्चार होतात. कातकरी बोली प्रमाण मराठीपासून आणखी दूर आहे. अशा उच्चारांना हसल्याने मुलाचा उच्चार सुधारण्याऐवजी त्याचे बोलणेच बंद होते. म्हणून प्रारंभी विद्यार्थ्याला घरच्या बोलीत आशय मांडू द्यावा आणि तो बोलता झाल्यावर प्रमाणभाषेची ओळख करून द्यावी, हा क्रम उपयुक्त ठरतो. औपचारिक प्रसंगी प्रमाणभाषा आवश्यक असते. मात्र गावच्या सभेत बोलीतील नेमके वाक्य अधिक परिणाम करू शकते.

आवश्यक कौशल्ये

मुद्द्यांची निवड : दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यात एकच मुद्दा व त्याची दोन-तीन कारणे पुरेशी असतात. संपूर्ण भाषण लिहून काढण्यापेक्षा चार-पाच शब्दांचे टिपण जवळ ठेवणे सोयीचे असते.

आरंभ व शेवट : पहिले व शेवटचे वाक्य तेवढे पक्के करावे. आरंभ पक्का असल्यास सभाकंपाचा तीव्र काळ निभावतो आणि शेवट पक्का असल्यास बोलणे भरकटत नाही.

तपशील : 'पाण्याचे फार हाल आहेत' या वाक्यापेक्षा 'पाड्यावरची विहीर फाल्गुनात आटते, जवळचा झरा अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे, बोअरवेलचा ठराव घ्यावा' ही मांडणी प्रभावी ठरते. तिच्यात स्थिती, त्रास व मागणी असा क्रम आहे.

आवाज व श्वास : बोलण्यापूर्वी सावकाश दीर्घ श्वास घेतल्याने आवाजातील कंप कमी होतो. शेवटच्या रांगेतील माणसाला ऐकू जाईल अशा बेताने बोलल्यास बोलण्याची गतीही आपोआप आवरते.

नजर व विराम : सभेतील दोन-तीन ओळखीच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहावे. आठवत नसल्यास क्षणभर थांबावे. बोलणाऱ्याला दीर्घ वाटणारा विराम श्रोत्यांना सहसा जाणवतही नाही.

ऐकणे व उत्तर देणे : ग्रामसभेत मध्येच प्रश्न येतात. प्रश्न पूर्ण ऐकून घेणे, माहिती नसल्यास तसे सांगणे आणि पुन्हा मूळ मुद्द्यावर येणे ही स्वतंत्र कौशल्ये आहेत.

श्रोत्यांची जबाबदारी

सभाधीटपणाची चर्चा बहुधा बोलणाऱ्याच्या उणिवांभोवती फिरते. परंतु नवख्याला मध्येच तोडणारे, उच्चारांना हसणारे किंवा महिला सदस्याऐवजी तिच्या पतीला बोलायला सांगणारे श्रोतेही सभाकंप वाढवतात. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. निवडून आलेल्या सदस्याचे बोलणे सभेने ऐकून घेतले, तरच या तरतुदीला अर्थ प्राप्त होतो. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या व्यक्तीला तिचे म्हणणे पूर्ण करू देणे, ही सभेची किमान शिस्त मानली जाते.

हेही पहा

वक्तृत्व
ग्रामसभा
पेसा कायदा
परिपाठ