'यू' या इंग्रजी सर्वनामाची वाटचाल : अर्थ, उपयोजन आणि मराठी भाषक विद्यार्थी

प्रस्तावना

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्यास अगदी आरंभी जे शब्द भेटतात, त्यांत 'यू' हे द्वितीयपुरुषी सर्वनाम येते. पाठ्यपुस्तकातील सर्वनामांच्या कोष्टकात 'तू' समोर 'यू' आणि 'तुम्ही' समोरही 'यू' असे लिहिलेले असते. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तीन शब्दांनी वय, नाते, अधिकार आणि जवळीक यांचे बारकावे व्यक्त होतात. इंग्रजीत मात्र आई, गुरुजी, मित्र आणि घरातले मांजर या साऱ्यांसाठी एकच शब्द. यावरून 'इंग्रजीत आदरार्थी रूपच नाही, सगळ्यांना अरे-तुरे चालते' असा समज सर्वत्र आढळतो. वर्गात अनेकदा तसेच सांगितलेही जाते.

हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. इंग्रजीने गमावले ते आदरार्थी रूप नव्हे, तर एकेरी रूप होय. आज उरलेला 'यू' हा मुळात 'तुम्ही' आहे, 'तू' नव्हे. प्रस्तुत निबंधात या शब्दाच्या अर्थांतराचा मागोवा घेऊन मराठी भाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्राचीन इंग्रजीतील व्यवस्था

प्राचीन इंग्रजीत एका व्यक्तीस उद्देशून 'दाऊ' या सर्वनामाचे जुने रूप आणि अनेकांस उद्देशून 'यी' याचे जुने रूप वापरीत. दोघांसाठी स्वतंत्र द्विवचनी सर्वनामही होते. ते पुढे नष्ट झाले. 'यू' हे त्या काळी कर्त्याच्या स्थानी येत नसे. ते 'यी' चे कर्मवाचक रूप होते. 'तुम्ही' आणि 'तुम्हांला' यांत जो फरक आहे तोच 'यी' आणि 'यू' यांत होता. या टप्प्यावर भेद केवळ वचनाचा होता. राजा असो वा गुलाम, व्यक्ती एक असेल तर सर्वनाम एकवचनीच येई.

ही रूपे मराठी अभ्यासकास परकी वाटू नयेत. इंग्रजी 'दाऊ', संस्कृत 'त्वम्' आणि मराठी 'तू' ही एकाच आद्य इंडो-युरोपीय मुळापासून निघालेली रूपे आहेत. तसेच 'यी' आणि संस्कृत 'यूयम्' यांचेही मूळ समान आहे. क्रियापदांतही हे साम्य दिसते. 'दाऊ' बरोबर 'हॅस्ट', 'डस्ट' अशी सकारयुक्त रूपे येत; मराठीत 'तू आहेस', 'तू करतोस', 'तू गेलास' यांतही तोच 'स' आहे. संस्कृतातील 'असि', 'गच्छसि' यांमधील प्रत्ययाशी दोहोंचे नाते आहे.

वचनाकडून प्रतिष्ठेकडे

इ. स. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राजदरबार, न्यायालय आणि उच्चवर्ग यांच्या व्यवहारात फ्रेंच भाषा आली. फ्रेंचमध्ये वरिष्ठ व्यक्तीस बहुवचनी सर्वनामाने संबोधण्याचा शिष्टाचार होता. तेराव्या शतकापासून इंग्रजीतही एका वरिष्ठ व्यक्तीस 'यी' किंवा 'यू' म्हणण्याची प्रथा दिसू लागते. मराठीत 'तुम्ही' हे बहुवचन ज्या रीतीने आदरार्थी एकवचन झाले, तीच ही प्रक्रिया होय. पुढे सोळाव्या शतकात 'यू' ने कर्त्याचे स्थानही घेतले आणि 'यी' मागे पडले.

शेक्सपिअरच्या काळी ही द्विविध व्यवस्था पूर्ण अंगाने नांदत होती. 'हॅम्लेट' च्या तिसऱ्या अंकात राणी मुलाला प्रथम 'दाऊ' म्हणून, म्हणजे आईच्या नात्याने, बोल लावते. हॅम्लेट तिला 'यू' ने उत्तर देतो. वरून मर्यादा पाळली जाते, पण शब्दांना धार असते. त्यावर राणीही 'यू' वर येते आणि माय-लेकांतील अंतर एका सर्वनामाने उघड होते. 'ट्वेल्फ्थ नाइट' मध्ये प्रतिस्पर्ध्यास आव्हानपत्र लिहिताना त्याला मुद्दाम दोन-तीनदा 'दाऊ' म्हणावे, असा सल्ला एक पात्र दुसऱ्यास देते. मराठी वाचकास याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. भांडणात 'अहो' वरून 'अरे' वर येणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते.

रंगभूमीबाहेरही हेच दिसते. 1603 मध्ये सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी पक्षाचे सर एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांचा जाणूनबुजून 'दाऊ' असा उल्लेख केला. हा अपमान इतका स्पष्ट होता की तो पुढे खटल्याच्या वृत्तांतातून प्रसिद्ध झाला.

क्वेकरांचा आग्रह

सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली क्वेकर पंथ उदयास आला. ईश्वरासमोर सर्व माणसे समान असतील, तर एका माणसाला बहुवचन लावून त्याची खुशामत का करावी, असा या पंथीयांचा सवाल होता. न्यायाधीश असो वा जमीनदार, ते प्रत्येकास एकेरी संबोधत. 1660 मध्ये फॉक्स यांनी सहकाऱ्यांसह एक ग्रंथ प्रसिद्ध करून अनेक भाषांच्या आधारे एकवचन-बहुवचनाचा भेद पाळण्याचा पुरस्कार केला. या वर्तनापायी क्वेकरांना शिव्याशाप आणि मारहाण सोसावी लागली.

इतिहासाने मात्र उलटा मार्ग धरला. शहरांत, विशेषतः लंडनमध्ये, समोरच्या माणसाचा दर्जा ओळखणे अवघड होत चालले होते. अशा वेळी 'दाऊ' म्हणून अपमान ओढवून घेण्यापेक्षा 'यू' म्हणणे निर्धोक, असे या बदलाचे एक स्पष्टीकरण अभ्यासक देतात. साधारणतः 1700 पर्यंत प्रमाण बोलीतून 'दाऊ' हद्दपार झाला. यॉर्कशायरसारख्या प्रदेशांच्या बोलीत, प्रार्थनेत आणि काव्यात तेवढा तो राहिला. क्वेकरांनी खालच्या पायरीवर समता मागितली. समाजाने सर्वांना वरच्या पायरीवर घेतले.

अन्य देशांत याच्या उलट घडले. क्रांतिकालीन फ्रान्समध्ये 1793 साली सर्वांनी परस्परांस एकेरी संबोधावे, अशी मागणी राष्ट्रीय सभेपुढे आली. स्वीडनमध्ये आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रोर रेक्सेड यांनी 1967 साली आपण सर्व कर्मचाऱ्यांशी एकेरी सर्वनामाने बोलू असे जाहीर केले आणि ती रीत देशभर रूढ झाली. रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांनी 1960 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात सर्वनामांच्या निवडीमागे 'सत्ता' आणि 'सख्य' ही दोन तत्त्वे कार्य करतात असे दाखविले. इंग्रजीत ही निवडच संपुष्टात आली.

व्याकरणातील खुणा

सर्वनाम एक उरले, तरी त्याचा बहुवचनी जन्म लपला नाही. एका व्यक्तीबरोबरही 'यू आर' असे बहुवचनी क्रियापद येते. अठराव्या शतकात एका व्यक्तीस उद्देशून 'यू वॉज' असे लिहिण्या-बोलण्याची रीत पडू लागली होती. वचनाचा भेद जपण्याचा तो भाषेचा स्वाभाविक प्रयत्न होता. परंतु रॉबर्ट लोथ यांनी 1762 च्या व्याकरणात त्यास दोष ठरविले आणि 'यू वेअर' हेच प्रमाण झाले. लिंडले मरे यांच्या 1795 च्या व्याकरणातील कोष्टकांत मात्र व्यवहारातून गेलेला 'दाऊ' एकवचनाच्या जागी कायम होता.

वचनाचा भेद आज 'युअरसेल्फ' आणि 'युअरसेल्व्ह्ज' या आत्मवाचक रूपांत तेवढा शिल्लक आहे. उणीव भरून काढण्यासाठी बोलींनी नवी बहुवचने घडविली : अमेरिकेच्या दक्षिणेकडील 'यॉल', आयर्लंड व लिव्हरपूलकडील 'यूज' आणि सर्वत्र पसरलेले 'यू गाइज'. याखेरीज 'यू' चा एक सर्वसामान्य अर्थही आहे. 'यू नेव्हर नो' या वाक्यातील 'यू' म्हणजे श्रोता नव्हे, तर कोणीही माणूस. येथे 'तुम्हांला कधीच माहीत नसते' हे भाषांतर चुकते. 'काही सांगता येत नाही' असे कर्त्याविना म्हणणेच मराठीला मानवते.

मराठी वर्गातील उपयोजन

महाराष्ट्रात जून 2000 पासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्यामुळे घरात इंग्रजीचा गंध नसलेली लक्षावधी मुले हे सर्वनाम लहानपणीच शिकू लागली. एकट्या मित्रासाठी 'आर' का, 'इज' का नाही, ही शंका या वयात स्वाभाविक असते. 'तो अपवाद आहे, पाठ करा' हे उत्तर विद्यार्थ्यास गप्प करते, समाधान देत नाही. वस्तुतः उत्तर त्याच्या मातृभाषेतच आहे. वडीलधारी व्यक्ती एकच असली तरी आपण 'तुम्ही आहात' म्हणतो, 'तुम्ही आहेस' म्हणत नाही. 'यू आर' ची ओळख 'तू आहेस' ऐवजी 'तुम्ही आहात' या वाक्याने करून दिली, तर अपवाद वाटणारी गोष्ट नियम ठरते.

दुसरा प्रश्न काव्याच्या अध्यापनाचा आहे. वर्ड्‌स्वर्थ, शेली, कीट्‌स यांच्या कवितांत किंवा रवींद्रनाथांच्या 1912 च्या इंग्रजी 'गीतांजली' त 'दाऊ' आला, की तो प्राचीन व भारदस्त वाटत असल्याने विद्यार्थी त्याचे भाषांतर 'आपण' असे करतात. 1611 च्या अधिकृत बायबलमध्ये आणि प्रार्थनांत ईश्वरासाठी तोच शब्द असल्याने हा ग्रह पक्का होतो. परंतु ते सर्वनाम एकवचनाचे आणि सलगीचे आहे. वारकरी संतांनी विठ्ठलाला 'तू' म्हटले, ते अनादराने नव्हे. हा दाखला दिला, की 'दाऊ' चा भाव मराठी विद्यार्थ्यास इंग्रज विद्यार्थ्यापेक्षाही लवकर उमगू शकतो.

तिसरा प्रश्न सामाजिक आहे. मराठी मुलुखात वयाने मोठ्या माणसासही केवळ जातीमुळे किंवा गरिबीमुळे एकेरीत हाक मारली जात असे. पत्नी पतीस 'अहो' आणि पती पत्नीस 'अगं' म्हणे. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या 'अरे-तुरे' ऐकले, त्या घरातील विद्यार्थ्यास सर्वांना सारखाच लागू होणारा 'यू' दिलासा देणारा वाटणे साहजिक आहे. तथापि 'यू' ने विषमता नाहीशी केली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. इंग्रजीत आदर आणि अंतर आता 'सर', 'मॅडम', पदव्या, नावाचा वा आडनावाचा वापर आणि 'कुड यू' सारखी विनंतीची वाक्यरचना यांतून व्यक्त होतात. सर्वनाम समान झाले म्हणून 'गिव्ह मी युअर पेन' हे वाक्य प्राध्यापकांशी बोलताना सभ्य ठरत नाही. विद्यार्थी सर्वनामात आदर शोधतो, तो सापडत नाही म्हणून तो इंग्रजीत नाहीच असे समजतो आणि नकळत उद्धट ठरतो. हा दोष त्याच्या संस्कारांचा नसून अपुऱ्या अध्यापनाचा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, 'यू' हा शब्द अनेकवचनी कर्मवाचक रूपापासून आदरार्थी एकवचनाकडे आणि तेथून सर्वसामान्य संबोधनाकडे गेला आहे. 'यू आर' ही रचना, 'दाऊ' चे काव्यातील स्थान आणि विनंतीच्या वाक्यांची घडण या तिन्हींचा उलगडा या इतिहासातून होतो. अध्यापकाने 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांची विद्यार्थ्यास असलेली जाण हा अडथळा न मानता साधन मानावे. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना प्रत्येक 'यू' पाशी थांबून कोण, कोणाशी, कोणत्या नात्याने बोलतो हे ठरवावे लागते. या निर्णयाचा सराव वर्गात झाला, तर विद्यार्थ्याची दोन्ही भाषांतील समज वाढेल आणि इंग्रजी ही आदर नसलेली भाषा आहे, हा गैरसमजही दूर होईल.