मिठागरातली कोळंबी, वर्गातली बरणी

परंड्यापासून कोकणचा किनारा सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. इथल्या मुलांना विहिरीचे मचूळ पाणी चवीने ओळखता येते. परंतु खाऱ्या पाण्यात वाढणारा प्राणी त्यांनी जिवंत पाहिलेला असण्याचा संभव कमी. असा एक प्राणी मात्र वर्गातल्या काचेच्या बरणीत सहज पाळता येतो. त्याचे नाव आर्टेमिया. मिठागरातली ही कोळंबी नावापुरतीच कोळंबी आहे. बाजारातल्या कोळंबीशी तिचे नाते दूरचे. पूर्ण वाढ झाल्यावर तिची लांबी साधारण एक सेंटिमीटर भरते. ती पाठ खाली व पोट वर करून पोहते आणि पायांच्या ११ जोड्या सतत हलवत राहते. घरी मासे पाळणारे लोक माशांच्या पिलांसाठी तिची अंडी विकत आणतात.

हा प्राणी बरणीपर्यंत कसा पोचला याचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे. कारण त्यात एक मोठी चूक आहे, आणि ती चूक आपण शिक्षकही नकळत करत असतो.

१७५५ साली श्लॉसर या निसर्ग-अभ्यासकाने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिमिंग्टन येथील मिठागरांत हा प्राणी पाहून त्याचे वर्णन केले. १७५८ साली लिनियसने त्याला खेकड्यांच्या गटात घातले. आर्टेमिया हे नाव १८१९ मधले. मिठागरातल्या कामगारांना मात्र तो आधीपासून परिचयाचा होता. या किड्यांच्या हालचालीमुळे खारवणी लवकर नितळ होते अशी त्यांची समजूत होती. म्हणून एखाद्या टाकीत ते नसले, तर दुसऱ्या मिठागरातून थोडे आणून सोडत. एका जागचा जीव उचलून दुसरीकडे सोडण्याची ही सवय ध्यानात ठेवू या; पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

हा प्राणी इतक्या खाऱ्या पाण्यात का राहतो? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठागरात पाणी आटत जाते तसे हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. तिथे मासे तग धरत नाहीत. आर्टेमियाला मात्र अंगात शिरलेले जादा मीठ पायांवरच्या कल्ल्यांतून बाहेर टाकता येते. त्यामुळे शत्रू नसलेले घर तिला मिळते. गोड्या पाण्यात तिला फार काळ जगता येत नाही, आणि नुसत्या मचूळ पाण्यात मासे तिचा फडशा पाडतात.

आता त्या चुकीकडे वळू. काळ्या समुद्राच्या काठी ओडेसाजवळ एक खारे सरोवर आहे. १८७१ साली तिथला बांध फुटला, गोडसर पाणी आत आले आणि खारेपणा एकदम उतरला. बांध दुरुस्त झाल्यावर पुढची तीन वर्षे तो पुन्हा चढत गेला. श्मान्केविच नावाचा अभ्यासक त्या काळात तिथल्या आर्टेमियांच्या पिढ्या पाहत होता. पाणी जसजसे खारट झाले तसतशी त्यांची शेपूट बदलली. शेपटीच्या टोकाचे पंखासारखे भाग आखूड झाले, त्यांवरचे केस कमी झाले. शेवटी त्या वेगळ्याच जातीच्या दिसू लागल्या. मग त्याने उलटा प्रयोग केला. पाण्यातले मीठ कमी करत नेल्यावर शेपटीचा शेवटचा खंड दुभागलेला त्याला दिसला. तसे खंड गोड्या पाण्यातल्या ब्रॅन्किपस या नातेवाइकात असतात. यावरून मीठ कमी-जास्त केल्याने एका प्राण्याचा दुसरा प्राणी होतो, असा अर्थ त्या काळी लावला गेला.

ही बातमी युरोपभर गाजली. परिस्थिती बदलली की प्राणी बदलतो, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा वाटला. पण सर्वांना तो पटला नाही. विल्यम बेटसन हा तरुण इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ १८८६ साली मध्य आशियातील खाऱ्या सरोवरांकडे गेला आणि निरनिराळ्या खारेपणाच्या पाण्यांतून त्याने आर्टेमिया गोळा केल्या. शरीराच्या ठेवणीचा खारेपणाशी काही संबंध आहे हे त्यालाही दिसले. मात्र आर्टेमियाची ब्रॅन्किपस झाल्याचा पुरावा मिळाला नाही. या दोहोंतला खरा फरक शेपटीत नसून इतरत्र आहे; उदाहरणार्थ, मादीला पकडण्याचे जे अवयव नराच्या डोक्यावर असतात त्यांच्या रचनेत. ते मिठाने बदलत नाहीत. आनुवंशिकतेच्या शास्त्राला इंग्रजीत आज जे नाव आहे ते १९०५ साली याच बेटसनने सुचवले.

श्मान्केविचचे निरीक्षण खरे होते. चुकला तो निष्कर्ष. उन्हात फिरून कातडी काळवंडते, पण म्हणून पुढची पिढी काळी जन्मत नाही, हे आपण वर्गात सांगतो. तरीही ‘वाळवंटात राहून उंटाला मदार आली’ असे वाक्य आपल्याच तोंडून निघून जाते. परिस्थितीमुळे एका जिवात होणारा बदल वेगळा आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा फरक वेगळा, हे शिकवायला आर्टेमियाइतका स्वस्त प्राणी आम्हाला दुसरा ठाऊक नाही.

आर्टेमिया बरणीत आली ती तिच्या अंड्यांमुळे. परिस्थिती बिघडली की मादी जाड कवचाची अंडी घालते. कवचाच्या आत वाढ थांबलेला गर्भ असतो आणि तो कोरड्या अवस्थेत वर्षानुवर्षे टिकतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत सील आणि नॉर्वेत रोलेफसेन यांनी या अंड्यांतून निघणारी पिले माशांच्या पिलांना खाऊ घालता येतात हे दाखवले. पुढे अमेरिकेतल्या खाऱ्या सरोवरांकाठची अंडी डबाबंद होऊन जगभर जाऊ लागली.

आपल्याकडे १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५३ साली, मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबईत आर्टेमिया आढळल्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती वडाळ्याच्या मिठागरांत सापडली होती. परदेशातून डब्यात येणारा जीव आपल्याच शहराच्या कुशीत होता! पुढे राजस्थानातील सांभर सरोवर, कच्छ आणि तुतिकोरीन येथूनही अशा नोंदी झाल्या. यांतल्या अनेक ठिकाणी नराविना, फक्त माद्यांच्याच पिढ्या चालत.

आणि इथे लिमिंग्टनच्या कामगारांची सवय आठवते. मत्स्यशेतीसाठी आणलेली अमेरिकन आर्टेमिया आपल्या मिठागरांत शिरली. अनेक ठिकाणी तिने मूळच्या आर्टेमियाला हुसकावून लावले आहे, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. वरवर पाहता पाण्यात तीच लाल-नारिंगी कोळंबी दिसते. परंतु मूळची गेलेली असते. पहिली नोंद जिथे झाली त्या लिमिंग्टनची मिठागरे १८६५ साली बंद पडली आणि तिथली आर्टेमियाही संपली. मुंबईची बरीचशी मिठागरेही आता बंद झाली आहेत.

वर्गात प्रयोग असा करावा. तीन बरण्यांत एकेक लिटर पाणी घ्यावे. नळाचे असल्यास एक दिवस उघडे ठेवावे. पहिल्या बरणीत मीठ घालू नये, दुसरीत १० ग्रॅम आणि तिसरीत ३० ग्रॅम खडे मीठ घालावे. प्रत्येकीत चिमूटभर अंडी टाकून हवेचा छोटा पंप लावावा व बरण्या उजेडात ठेवाव्यात. पाणी २५ ते २८ अंश सेल्सियस असले तर एक-दोन दिवसांत अर्ध्या मिलिमीटरची नारिंगी पिले उजेडाकडे धावताना दिसतील. कोणत्या बरणीत किती पिले दिसतात आणि किती दिवस जगतात, याची नोंद मुलांनीच ठेवावी. खाद्य म्हणून यीस्टचे एक-दोन थेंब पुरतात. पाणी गढूळ झाले तर खाद्य जास्त झाले असे समजावे. नीट काळजी घेतली तर दोन-तीन आठवड्यांत पिले मोठी होतात.

दुसरा प्रयोग आपल्या भागाचा. दख्खनच्या पठारावरील पावसाळी डबक्यांत आर्टेमियाचे गोड्या पाण्यातले नातेवाईक आढळतात. त्यांचीही अंडी सुकलेल्या चिखलात पावसाची वाट पाहत पडून असतात. उन्हाळ्यात अशा डबक्याच्या तळची माती आणून चौथ्या बरणीत पावसाच्या पाण्यात भिजवावी. प्रत्येक मातीतून प्राणी निघतीलच असे नाही. निघाले, तर दोन्ही बरण्या शेजारी ठेवून भिंगातून पाहावे आणि मुलांना विचारावे: मीठ घालून यांतला एक दुसरा होईल का?

प्रयोग संपल्यावर उरलेले पाणी आणि अंडी ओढ्यात, तळ्यात किंवा सीनेच्या पात्रात ओतू नयेत. पाणी उकळून टाकावे. परंड्यात मिठागर नाही, त्यामुळे इथे धोका फारसा नाही. परंतु पाळलेला जीव बाहेर सोडू नये, ही सवय मुलांना जिथे बरणी आहे तिथेच लागायला हवी. यांतलीच काही मुले उद्या किनाऱ्यावर कामाला जातील.