सवंगड्याचे पालकत्व

खेळाडूची कीर्ती सहसा आकड्यांत मोजली जाते. किती सामने, किती गुण, किती चषक, हे पाहिले जाते. आणि नवा विक्रम झाला की जुना आकडा मागे पडतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या इतिहासात मात्र असा एक खेळाडू होऊन गेला की, ज्याची कारकीर्द अवघ्या तीन हंगामांत संपली. तरीही त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. मॉरिस स्टोक्स हे त्याचे नाव. त्याची कथा सांगू लागले की जॅक ट्वायमन या दुसऱ्या खेळाडूचे नाव आपोआप ओठांवर येते. दोघांना वेगळे करून ती सांगताच येत नाही.

मॉरिसचा जन्म १७ जून १९३३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील रँकिन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. पिट्सबर्ग शहरालगतचा हा पोलाद कारखान्यांचा परिसर. वडील कारखान्यात राबत, आई परक्या घरी घरकाम करी. शालेय शिक्षण आटोपल्यावर मॉरिस लोरेटो या छोट्या गावातील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या सेंट फ्रान्सिस महाविद्यालयात दाखल झाला. १९५५ साली न्यूयॉर्क येथील राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेत या लहानशा महाविद्यालयाचा संघ चौथा आला. पण स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मॉरिसला मिळाला. चौथ्या क्रमांकाच्या संघातील खेळाडूला असा मान मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होय.

त्याच वर्षी रॉचेस्टर रॉयल्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतले. पहिल्याच हंगामात तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. टोपलीत न पडता उसळून आलेला चेंडू गर्दीत उडी घेऊन पकडणे, याला बास्केटबॉलमध्ये रिबाउंड म्हणतात. १९५६-५७ च्या हंगामात मॉरिसने असे १,२५६ चेंडू पकडून त्या काळचा विक्रम केला. सहा फूट सात इंच उंचीचा हा धिप्पाड गडी सहकाऱ्यांना अचूक चेंडू पुरविण्यातही तरबेज होता. १९५७ साली संघाने आपला मुक्काम सिनसिनाटी शहरात हलविला.

१२ मार्च १९५८. साखळीतील शेवटचा सामना मिनियापोलिस येथे चालू होता. टोपलीकडे झेपावताना मॉरिस पडला, डोके जमिनीवर आदळले आणि तो बेशुद्ध झाला. शुद्धीवर आणून त्याला पुन्हा मैदानात उतरविण्यात आले. डोक्याच्या माराचे गांभीर्य तेव्हा कुणाला उमगले नव्हते. तीन दिवसांनी डेट्रॉइटचा सामनाही तो खेळला. परतीच्या विमानात मात्र त्याची प्रकृती एकाएकी ढासळली, झटके आले आणि तो बेशुद्धीच्या गर्तेत गेला. पुढे शुद्ध आली, परंतु शरीर लुळे पडले होते. वाचाही गेली होती. बुद्धी तेवढी शाबूत राहिली. सर्व काही समजत होते, सांगता मात्र काहीच येत नव्हते. वय होते चोवीस.

आता उपचारांचा डोंगराएवढा खर्च कोण सोसणार? आईवडील गरीब, गाव दूर, बँकेतील त्याचा स्वतःचा पैसा काढायला सही करण्याची शक्ती त्याच्या हातात नाही. अशा वेळी पुढे आला तो जॅक ट्वायमन. तोही पिट्सबर्गचाच, तेथील सेंट्रल कॅथलिक शाळेचा विद्यार्थी, आणि मॉरिसबरोबर १९५५ सालीच रॉयल्समध्ये आलेला. वर्णाने गोरा, वय तेवीस. कृष्णवर्णीयांना समान हक्क देणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा तेव्हा व्हायचा होता. तरीही ट्वायमन न्यायालयात गेला आणि रीतसर मॉरिसचा कायदेशीर पालक झाला.

पालकत्व म्हणजे केवळ कागदावरची सही नव्हे. कामगारांना मिळते तशी नुकसानभरपाई मॉरिसला मिळावी म्हणून त्याने खटपट केली आणि ती मिळवून दिली. १९५८ सालीच निधीसाठी खेळाडूंचा प्रदर्शनीय सामना भरविला. पुढे तो दरवर्षी होऊ लागला. रुग्णशय्येजवळ बसून तो एकेक अक्षर उच्चारी. हवे ते अक्षर आले की मॉरिस पापणी मिटे. अशा रीतीने अक्षराला अक्षर जोडून दोघे बोलत. हे सारे करीत असताना ट्वायमनचा स्वतःचा खेळही बहरत होता. १९५९-६० च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी ३१.२ गुण केले. हे सारे का केले, असे विचारले तर, कुणीतरी करायलाच हवे होते आणि तिथे मीच होतो, अशा अर्थाचे साधे उत्तर तो देई.

ही साथ बारा वर्षे टिकली. ६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मॉरिसचे निधन झाले. त्याच्या इच्छेनुसार लोरेटो येथे, आपल्या महाविद्यालयाच्या आवारात, फ्रान्सिस्कन बंधूंच्या दफनभूमीत त्याला चिरविश्रांती लाभली. २००४ साली बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात त्याचे नाव समाविष्ट झाले, तेव्हा त्याच्या वतीने तो बहुमान स्वीकारण्यास ट्वायमनच उभा राहिला. २०१२ साली ट्वायमननेही जगाचा निरोप घेतला. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, सर्वोत्तम सहकारी खेळाडूसाठी या दोघांच्या नावे पारितोषिक सुरू झाले.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जखमी वाटसरूला उतारशाळेत पोहोचवून तो दोन नाणी देतो, आणखी खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगतो आणि निघून जातो. दाखला तेथेच थांबतो. तो परत आल्याचे त्यात सांगितलेले नाही. घडीभर कळवळणे आपल्याला जमते, वाचकहो. कसोटी असते ती पुनःपुन्हा परत येण्याची. आपल्याही घरात, शेजारात, धर्मग्रामात वर्षानुवर्षे खाटेला खिळलेली माणसे आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे रीघ लागते. पहिल्या वर्षानंतर दार कोण ठोठावते? जॅक ट्वायमन बारा वर्षे ते दार ठोठावत राहिला. त्याच्या ३१.२ च्या सरासरीपेक्षा हा आकडा मला मोठा वाटतो.